किती पेट्यांचा खेळ

जानेवारी संपत आला की पांढुर्ण्याहून सौंसरला जाणाऱ्या बसच्या काचा कोणी ओढत नाही. हवेत गारठा असतो, म्हातारी माणसे कानाला मफलर गुंडाळून बसलेली असतात, पण काच उघडीच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे आंबिया बहाराने पांढरे झालेले असतात आणि त्या फुलांचा वास बसमध्ये येऊन बसतो, तिकीट न काढता. वास गोड आहे. त्याच्या तळाशी सालीचा कडवटपणा आहे, आणि तो घशात जरा उशिरा पोचतो.

यंदा ही बस धरण्याच्या आदल्या दिवशी नागपुरात भाच्याने त्याच्या नव्या कॉम्प्युटरची किंमत सांगितली. हा कॉम्प्युटर कामाचा नाही, खेळण्याचा आहे. त्याच्या आतल्या एका कार्डाच्या पैशात सेकंडहँड मोटारसायकल येते. त्याच्या आईने कपाळाला हात लावला, तेव्हा त्याने शांतपणे बाजू मांडली. एक मित्र कॅमेऱ्याची भिंगे घेतो, एक दर वर्षी हिमालयात चढायला जातो, एकाने सायकल घेतली ती तर कारच्या भावात. किमतीला तासांनी भागले तर हाच शौक सर्वांत स्वस्त पडतो. "मामा, तुम्ही पेपरवाले आहात, तुम्हीच सांगा."

भागाकार बरोबर होता. मी तसे सांगितले. भागाकारात काय धरलेले नव्हते ते सांगितले नाही. त्यासाठी चाळीस वर्षे मागे, याच रस्त्यावरच्या एका बगीच्यात उतरावे लागले असते.

ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्यात शौक पुष्कळ होते, पण शौकाला किंमत असते हे फारसे कोणाच्या ध्यानात आलेले नव्हते. पोस्टातले एक बाबू तिकिटे जमवत. ती लोकांच्या रिकाम्या पाकिटांवरून, बशीत भिजवून निघत. भजनी मंडळाची हार्मोनियम मंडळाची होती. कबुतरे पाळणारा एक जण होता, त्याची कबुतरे शेजाऱ्याच्या छपरावर जेवून घरी झोपायला येत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. त्या गोटमारीला सुरेश टेलर सर्वांत स्वस्त शौक म्हणत. शिवणयंत्र न थांबवता ते हिशेब सांगत: "गोटे नदीचे, डोस्कं आपलं, अन् टाके सरकारी दवाखान्याचे. खर्च कुठी हाय, सांग?"

आमचा शौक कॅरमचा. बोर्ड सुरेश टेलरच्या दुकानामागच्या खोलीत, पावडर वर्गणीतून, बल्ब टेलरचा. स्ट्रायकर तेवढा स्वतःचा. तो मी रुमालात बांधून खिशात बाळगत असे. जोडीदार विजय. तो सौंसरच्या एका बागायतदाराचा मुलगा, मामाकडे राहून पांढुर्ण्याच्या कॉलेजात माझ्या वर्गात शिकत होता. आमची जोडी पांढुर्ण्यात हरत नसे. हे विधान तपासून केलेले आहे.

पदवी झाली. विजय सौंसरला परतला आणि मी नागपूरच्या एका वर्तमानपत्राला पांढुर्णा-सौंसरच्या बातम्या पाठवू लागलो. तहसील कचेरीत बातमी असो नसो, दुपारच्या बसने जायचे, कचेरीत डोकावायचे, मग गावाबाहेरच्या विजयच्या घरी. घर रस्त्यापासून आत, बगीच्यातच, विहिरीजवळ होते. त्याने ओसरीवर नवा बोर्ड आणून ठेवला होता. परतीची शेवटची बस येईपर्यंत कॅरम, असा तो क्रम होता, आणि तो तसाच राहील असे मी धरून चाललो होतो.

मग त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने मस्कतहून एक डबा आणला.

डबा म्हणजे कॉम्प्युटर. पाटीएवढा, काळा, रबरी बटणांचा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. तो टीव्हीला जोडायचा, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि खेळाची कॅसेट लावायची. कॅसेटमधून गाणे येत नसे, किंकाळी येई. ती काही मिनिटे ऐकून घेतली की पडद्यावर खेळ उभा राही. किंकाळी सुरू झाली की विजयची आई, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून म्हणत, "त्याले तेल टाका रे कोणी."

डबा फुकट आला, येथवर विजयचे वडील खूश होते. त्यांना सगळे काकाजी म्हणत. खर्च मागाहून आला. त्या घरात किमती रुपयांत बोलत नसत, पेट्यांत बोलत. पेटी म्हणजे खाली गवत अंथरून संत्र्यांनी भरलेली लाकडी पेटी, नागपूरच्या बाजारात जाणारी. साडी इतक्या पेट्यांची, दाताचा डॉक्टर तितक्या पेट्यांचा. डब्यासाठी आधी व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर आला. जुन्या टीव्हीवर चित्र हलते म्हणून नवा टीव्ही आला. खेळायचा दांडा वेगळा, टेपचे हेड पुसायचे औषध वेगळे, नव्या कॅसेटींसाठी नागपूरच्या फेऱ्या वेगळ्या. प्रत्येक वस्तूमागे काकू पेट्या मोजत. "लेकीचं लगन स्वस्तात उरकलं म्हणत होतो आपण," त्या काकाजींना म्हणाल्या. "जावई आता वसूल करून राहिला."

ओसरीवरचा कॅरम बोर्ड भिंतीला टेकवला गेला. काही दिवसांनी तो पुन्हा आडवा झाला, पण त्यावर मिरच्या वाळत होत्या.

मत्सर मोघम असतो असे म्हणतात. माझा नव्हता. पहिल्या आठवड्यात तो डब्याचा होता. मग तो विजयच्या बोटांचा झाला, कारण ती बटणांवर न पाहता फिरू लागली. मग कळले की खरी गोष्ट तिसरीच आहे. कॅरमला समोर माणूस लागतो. या खेळाला लागत नव्हता.

खेळ असा होता. दिवा घेतलेला एक माणूस गुहेत उतरतो, शिड्या चढतो, किल्ल्या गोळा करतो आणि पुढच्या गुहेत जातो. मेला तर पहिल्या गुहेपासून. वीज गेली तर कॅसेटच्या किंकाळीपासून. शेवटच्या गुहेपलीकडे काय आहे हे विजयला पाहायचे होते. मी दुसऱ्या गुहेच्या पुढे कधी गेलो नाही.

"तू स्ट्रायकर मारल्यावानी बटन दाबून राहिला बे," तो म्हणे. "हळू. ते सोंगटी नाही, माणूस हाय."

"मंग त्यालेच जोडीदार घे न," मी म्हणालो.

तो हसला. त्याला ते थट्टेचे वाटले.

आणखी एक गोष्ट होती. डब्यासोबत एक पुस्तक आले होते आणि त्यातल्या ओळी बटणांवर टाइप केल्या की डबा सांगितलेले काम करी. त्या पुस्तकावरून शिकून विजयने एक खेळ स्वतः तयार केला. पडद्याच्या वरून एक गोल ठिपका पडायचा. खाली एक चौकोन सरकवून तो झेलायचा. ठिपका म्हणजे संत्रे, चौकोन म्हणजे पेटी. फार साधा खेळ होता. तो त्याने मला दाखवला त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी पांढुर्ण्यापर्यंत उभा राहिलो.

त्याला नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. काकाजींनी सरळ नाही म्हटले नाही. रस्त्यापासून विहिरीपर्यंतचा बगीचा त्यांनी त्या हंगामापुरता त्याच्या हवाली केला. ओसरीवर, माझ्यादेखत सांगितले, "ह्या बहाराचा मालक तू. बहार धरला, त नागपूर. नाही धरला, त मायासंग आडतीवर बसाचं. मंजूर?"

"मंजूर," विजय म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहून डोळा मारला. अवघड काही नव्हते.

संत्र्याचे झाड आपणहून हवे तेव्हा फुलत नाही. त्याला आधी तहान लावावी लागते. डिसेंबरात पाणी तोडतात. पाने मलूल होतात, रंग उतरतो, आणि बागायतदार रोज सकाळी पान बोटांत धरून पाहतात: अजून थोडे, अजून थोडे. याला ताण म्हणतात. जानेवारीत ताण तोडतात, म्हणजे पहिले हलके पाणी देतात, आणि काही दिवसांनी दुसरे, भरपूर. त्या दुसऱ्या पाण्याला उशीर झाला तर झाड फुलोरा धरत नाही. तहानेपर्यंत सगळे हातचे असते. पाण्याची वेळ मात्र विजेच्या हातात. त्या लाइनीवर शेतीची, पंप चालवणारी थ्री-फेज वीज संध्याकाळी थोडा वेळ येई, आणि ती आली की दूरदूरचे पंप एकामागून एक घुमू लागत.

शेजारच्यांच्या पंपांना स्टॅबिलायझर पुरून उरे. पण विजयचे घर आणि विहिरीवरचा पंप एकाच तारेवर होते. तो पंप सुरू झाला की टीव्हीवरचे चित्र आक्रसायचे आणि डबा सगळे विसरून कोरा व्हायचा.

पंप शामराव चालवत. काकाजींच्या वयाचे, कमी बोलणारे गृहस्थ. दुसऱ्या पाण्याच्या त्या दिवसांत ते विहिरीकडून हाक देत, "विजूभाऊ, लाइन आली. लावू का?"

"थांबा न शामरावजी. पुढच्या गुहेत हाय."

"कायच्या?"

"पाच मिनिटं."

पाच मिनिटांत खेळ संपत नसे. मग शामराव पुन्हा हाक देत, विजय पुन्हा पाच मिनिटे मागे, आणि अखेर पंप लागला की पाणी विहिरीजवळच्या ओळींत फिरून पुढे सरकते न सरकते तोच लाइन जाई. रस्त्याकडच्या ओळींची आळी कोरडी राहत. उद्या देऊ, असे विजय म्हणे. दुसऱ्या दिवशी कोरडा पाट भिजवत पुन्हा विहिरीजवळूनच सुरुवात होई, आणि पुन्हा गुहा. काकाजी त्या दिवसांत पावसाळी फुलोऱ्याच्या, म्हणजे मृग बहाराच्या तयार फळांचे सौदे करत लोधीखेड्याकडच्या बगीच्यांतून हिंडत होते. घरी येत ते जेवून झोपायला.

मी खाटेवर बसून पाहत असे. माझे लक्ष विहिरीकडे नव्हते. पडद्यावरच्या माणसाकडे होते, तो पडावा म्हणून.

एका संध्याकाळी तो शेवटच्या गुहेतून बाहेर पडला. बाहेर काही नव्हते. पडदा रंगीत लुकलुकला आणि पहिली गुहा पुन्हा आली.

"एवढंच?" विजय म्हणाला. थोडा वेळ त्याने दांडा हातात तसाच धरून ठेवला. मग तो उठून विहिरीकडे ओरडला, "लावा, शामरावजी." पण तोवर पंपाची वीज गेली होती, आणि दुसऱ्या पाण्याचे दिवसही.

बहार आला तेव्हा मी बसमध्ये होतो. दोन्ही बाजूंना पांढरे, मग पांढरे, मग विजयचा बगीचा. तो रस्त्याकडून फिक्या हिरव्या रंगाचा होता. ओळीमागून ओळ नुसती पाने. आत, विहिरीच्या बाजूला, एका ठिकाणी पांढरे सुरू होत होते आणि घरापर्यंत जात होते. पाणी जिथवर पोचले होते ती रेघ रस्त्यावरून दिसत होती. मोजायला जायची गरज नव्हती.

"ह्या बगीच्याले सुतक हाय का गा?" कंडक्टर म्हणाला. पुढच्या सीटवरचे दोघे हसले.

मला बरे वाटले. हा शब्द नीट विचार करून लिहिला आहे.

उतरलो तर काकाजी त्या हिरव्या ओळींतच होते. ते एकेका झाडाजवळ थांबत, फांदी खाली ओढत, सोडत. शामराव मागे चालत होते. "मी लावत होतो जी," ते म्हणाले, "पण—"

"माहीत हाय मले," काकाजी म्हणाले. त्यांनी एक पान तोडले, दुमडले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. मला पाहून म्हणाले, "चाल, चहा घे." आम्ही ओसरीवर आलो. विजय दाराशी उभा होता. त्याच्या तोंडाकडे पाहिले तेव्हा माझे बरे वाटणे जरा कमी झाले, पण संपले नाही.

काकाजींनी पाय धुतले. स्टूल ओढून टीव्हीसमोर बसले.

"दाखव."

"काय?"

"ज्यानं माहा बहार पेला ते. पाहू त दे, कसं असते."

आता रागावणे सुरू होईल असे मला वाटले. विजयलाही वाटले असावे. त्याने हात लांबवून गुहेची कॅसेट उचलली, परत ठेवली आणि दुसरी लावली. किंकाळी सुरू झाली. त्या दिवशी काकू तेलाचे काही बोलल्या नाहीत. त्या कणकेचे हात घेऊन दारात येऊन थांबल्या.

पडद्यावर वरून ठिपका निघाला.

"हे संत्र," विजय म्हणाला. "हे पेटी. ह्या बटनानं इकडं, ह्या बटनानं तिकडं."

काकाजींची बोटे पेट्यांच्या फळ्यांनी चिरलेली होती. एका बोटाखाली दोन बटणे दाबली जात. पहिले संत्रे पेटीच्या बाजूने खाली गेले.

"गेलं का हे?"

"गेलं, बाबा."

दुसरेही गेले. तिसरे पेटीच्या काठाला लागले. "तुही पेटी लई हळू सरकते," काकाजी म्हणाले.

"तुम्ही लवकर दाबा न."

चौथे पेटीत पडले. काकाजींनी मागे वळून काकूंकडे पाहिले. ठिपके पडत राहिले, काही गेले, काही सापडले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "हे कुठून आणलं? नागपूरहून?"

"मीच केलं."

"म्हणजे?"

"घरीच. ह्याच बटनांवर."

काकाजींनी बोट उचलून बटणांकडे पाहिले. मग पडद्याकडे. "पेटीत गवत नाही टाकलं तू," ते म्हणाले. "फळ दबते न अशानं."

"टाकतो," विजय म्हणाला.

"अन् नागपूरचं, बोललो होतो तसंच होईन. बहार नाही, त नागपूर नाही. हेही त्या खेळाच्याच किमतीत धर." हे त्यांनी पडद्यावरची नजर न काढता सांगितले. एक संत्रे सापडले. "लाव, अजून एकडाव लाव."

मी कॅरम बोर्डाजवळ बसलो होतो, मिरच्यांच्या ठसक्यात. त्या संध्याकाळी मला जितका मत्सर वाटला, तितका डब्याने कधी वाटायला लावला नव्हता. माझे वडील शाळेत शिक्षक होते. चांगले गृहस्थ होते. मी कॅरमची पहिली ढाल घरी आणली तेव्हा त्यांनी ती कपाटावर ठेवायला सांगितली, आणि धूळ बसू नये म्हणून पालथी. एखादा फटका कसा मारतोस, दाखव, असे ते कधी म्हणाले नाहीत. म्हणतील तरी कशाला? माझ्या शौकाने त्यांचे काहीच घेतले नव्हते. पावडर वर्गणीतली, बल्ब टेलरचा. समोर स्टूल ओढून बसावे असे त्यात त्यांचे काही बुडालेले नव्हते.

बसची वेळ झाली. "येतो काकाजी," म्हणालो. त्यांनी हात वर केला, मान वळवली नाही. रस्त्यापर्यंत त्या फूल न आलेल्या ओळींतून जावे लागते. मागून त्यांचा आवाज येत होता: गेलं, गेलं, धरलं.

विजय नागपूरला गेला नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. मी गेलो. त्याच वर्तमानपत्रात नोकरी लागली, काही वर्षांनी तिथे कॉम्प्युटर आले, आणि निवृत्तीपर्यंत मी रोज एका पडद्यासमोर बसलो. त्यावर हजारो बातम्या वरून खाली सरकल्या. झेलावेसे वाटले असे काही त्यात आठवत नाही.

यंदा बसमधून उतरलो तेव्हा बगीचा रस्त्यापर्यंत पांढरा होता. आता प्रत्येक झाडाच्या बुडाशी नळी आहे, थेंब थेंब पाणी जाते. काकाजी नाहीत. विजयच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत आणि आडतीवर त्यालाच सगळे काकाजी म्हणतात. डबा माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला आहे. आता त्यात काही उरलेले नाही, टेप कधीच झिजली. "बाबा शेवटपर्यंत विचारत," त्याने चहा ओतताना सांगितले. "टीव्हीवर काहीही लागलं असलं तरी. गवत टाकलं का रे त्या पेटीत?"

"टाकलं होतं?"

"त्याच रात्री. चार हिरव्या रेघा. सकाळी उठून पायलं त्यायनं, म्हणे, आता बरी हाय."

मग इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. बोलता बोलता भाच्याच्या कॉम्प्युटरची गोष्ट निघाली. कार्डाची, मोटारसायकलची, तासांच्या भागाकाराची. विजयने किंमत विचारली. मी सांगितली. त्याने छताकडे पाहत ओठ हलवले. रुपयांच्या पेट्या करायची त्या घराची सवय गेलेली नाही. हिशेब झाल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"स्वस्त हाय," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. वास नेहमीप्रमाणे आत आला होता. मी काच ओढून घेतली. शेजारच्या माणसाने माझ्याकडे पाहिले.

"थंडी वाजून राहिली का जी?"

मी हो म्हणालो.